चेक वटतो कसा?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. गाव नाशिक जिल्ह्यातले. घरची दोन एकर जमीन, त्यात कांदा. मावशी वर्गाला आल्या तेव्हा सही करता येत नव्हती. आता सही येते, आकडे येतात, आणि सावकाश का होईना, वर्तमानपत्राचे मथळे वाचतात.

२०२४ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. मावशींनी तीस क्विंटल कांदा घरूनच एका व्यापाऱ्याला विकला. भाव ठरला दीड हजार रुपये क्विंटल. एकूण पंचेचाळीस हजार रुपये झाले. व्यापारी म्हणाला, "मावशी, एवढी रोकड आता जवळ नाही. चेक घ्या. चेक म्हणजे पैसेच की!"

मावशींनी चेक घेतला. कांदा ट्रॅक्टरमध्ये चढला आणि गेला. मावशींनी तालुक्याला जाऊन चेक आपल्या खात्यात भरला. काही दिवसांनी बँकेत चौकशीला गेल्या, तर कारकुनाने तोच चेक परत हातात ठेवला. सोबत एक छोटी चिठ्ठी. चिठ्ठी इंग्रजीत. मावशींना वाटले, ही पावती असेल. त्यांनी चेक आणि चिठ्ठी दोन्ही डाळीच्या डब्यात जपून ठेवली.

तीन आठवड्यांनी वर्गात सहज विषय निघाला म्हणून त्यांनी ती चिठ्ठी आम्हांला दाखवली. तिच्यावर लिहिले होते, 'फंड्स इन्सफिशंट'. म्हणजे चेक देणाऱ्याच्या खात्यात पुरेसे पैसे नाहीत. चेक वटला नव्हता.

"पण तो तर म्हणाला, चेक म्हणजे पैसेच!" मावशी म्हणाल्या.

नाही. चेक म्हणजे पैसे नव्हेत. चेक ही चिठ्ठी आहे. ज्याचे बँकेत खाते आहे तो आपल्या बँकेला लिहितो, "माझ्या खात्यातून अमक्याला एवढे रुपये द्या." बस, एवढाच त्याचा अर्थ. खात्यात पैसे असले तर बँक देईल. नसले तर कशातून देणार?

आपल्याकडे ही रीत तशी नवी नाही. चेक येण्याच्या कितीतरी आधी सावकार आणि व्यापारी हुंडी लिहीत. पुण्याच्या पेढीने लिहिलेली हुंडी दुसऱ्या गावच्या पेढीवर दाखवायची आणि तिथे पैसे घ्यायचे. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी. ठरल्या मुदतीनंतर मिळायचे ती मुदती हुंडी. हुंडी वटते असे म्हणत, म्हणून आजही आपण चेक वटला, चेक वटला नाही, असेच म्हणतो. सरकारी मराठीत चेकला धनादेश म्हणतात. धन देण्याचा आदेश. शब्द जड आहे खरा, पण अर्थ अगदी नेमका सांगतो.

आता चेक हातात घेऊन नीट पाहू.

वर उजवीकडे तारखेची जागा असते. तारखेपासून तीन महिन्यांच्या आत चेक बँकेत भरावा लागतो. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, १ एप्रिल २०१२ पासून ती तीन महिन्यांवर आणली. चेकवर पुढची तारीख टाकलेली असेल, तर त्या तारखेआधी तो वटत नाही. पुढच्या तारखेचा चेक कोणी देऊ लागला तर समजावे, आज त्याच्याजवळ पैसे नाहीत, आणि तो आपल्याकडे मुदत मागतो आहे. द्यायची की नाही हे आपण ठरवावे. पण आपण मुदत देतो आहोत हे ठाऊक असू द्यावे.

मग नाव. मग रक्कम, ती दोनदा लिहायची. एकदा अक्षरांत, एकदा आकड्यांत. दोन्हींत फरक पडला तर कायदा अक्षरांतली रक्कम खरी धरतो. १८८१ साली झालेल्या कायद्यात तसे लिहिले आहे. मात्र असा फरक दिसला की बँका चेक बहुधा परतच करतात. तेव्हा घेतानाच पाहून घ्यावे.

डाव्या कोपऱ्यात कधी दोन तिरप्या रेघा मारलेल्या असतात. त्याला क्रॉस चेक म्हणतात. असा चेक खिडकीवर देऊन रोख पैसे मिळत नाहीत, तो खात्यातच जमा करावा लागतो. चेक वाटेत चोरीला गेला तर चोराला तो सहज पचू नये, एवढ्यासाठी या दोन रेघा. काम दोन रेघांचे, पण फार मोलाचे!

खाली उजवीकडे सही. सही नसलेला चेक म्हणजे नुसता कागद. आणि सही केलेला कोरा चेक म्हणजे उघडी तिजोरी. काही सावकार आणि दुकानदार उधारी देताना कोऱ्या चेकवर सही मागतात. देऊ नये.

येथे एक गोष्ट सांगायची राहून जाते. चेकवरचा मजकूर इंग्रजीतच लिहिला पाहिजे असे नाही. चेकचा छापील मजकूर हिंदी आणि इंग्रजीत असतो, पण रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे तो हिंदीत, इंग्रजीत किंवा त्या प्रांताच्या भाषेत भरता येतो. म्हणजे मराठीत 'पंचेचाळीस हजार रुपये फक्त' असे लिहिलेला चेक चालतो. आमच्या वर्गात हे सांगितले तेव्हा निम्म्या मंडळींना खरे वाटेना.

आता चेक बँकेत भरल्यावर काय होते ते पाहू. लोक म्हणतात, "बँकेत टाकला, आता बँकेचे काम." पण ते काम काय, हे कळले म्हणजे पैशाला वेळ का लागतो तेही कळते.

मावशींचे खाते एका बँकेत, व्यापाऱ्याचे दुसऱ्या बँकेत. मावशींच्या बँकेजवळ व्यापाऱ्याचे खाते नाही. मग त्याच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत, सही त्याचीच आहे की नाही, हे तिला कसे कळणार? हे फक्त व्यापाऱ्याच्या बँकेलाच ठाऊक. म्हणून चेक तिकडे दाखवावा लागतो.

पूर्वी हे सारे हातांनी होई. मोठ्या शहरात चेक बदलण्याचे एक ठिकाण असे. त्याला क्लिअरिंग हाऊस म्हणत. प्रत्येक बँकेचा माणूस तिथे चेकचे गठ्ठे घेऊन यायचा. तुमच्यावरचे हे घ्या, आमच्यावरचे ते द्या. मग हिशेब मांडायचा. समजा, पहिल्या बँकेला दुसरीकडून पाच लाख यायचे आहेत आणि दुसरीला पहिलीकडून चार लाख साठ हजार. मग नऊ लाख साठ हजार रुपये इकडून तिकडे वाहून कशाला न्यायचे? दुसरीने पहिलीला चाळीस हजार दिले की झाले. आपल्या गावात शिंपी वाण्याकडून किराणा आणतो, वाणी शिंप्याकडून कपडे शिवतो, आणि दिवाळीला दोघे बसून वजाबाकी करतात. तसेच हे. फक्त वजाबाकी रोजची, आणि बँका पुष्कळ.

गठ्ठे आपल्या बँकेत गेले की तिथे खाते उघडून पाहायचे, सही ताडायची. बरोबर असेल तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत. परगावचा चेक असला तर तो टपालाने जायचा आणि उत्तरही टपालानेच यायचे. त्यात आठवडे जात. बाप आजारी आहे, मुलाने मुंबईहून चेक पाठवला आहे, आणि चेक अजून टपालातच आहे, असे प्रसंग जुन्या माणसांनी पाहिले आहेत.

चेक वाढले, तशी हातांनी निवड जमेना. १९८०च्या दशकात मोठ्या शहरांत यंत्रे आली. चेकच्या तळाशी पांढऱ्या पट्टीवर जरा चमत्कारिक वळणाचे आकडे असतात ना? ते या यंत्रांसाठी. त्यांच्या शाईत लोखंडाचा अंश असतो. यंत्र त्या आकड्यांना चुंबकाच्या जोरावर वाचते. आधी सहा आकडे, हा चेकचा नंबर. मग नऊ आकडे. त्यांतले पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे शहर-आकडे ४००, पुण्याचे ४११. तुमच्या चेकबुकात पाहा, तुमच्या शहराचे आकडे पिनकोडाच्या पहिल्या तीन आकड्यांशी जुळतात का. यासाठीच सांगतात, त्या पट्टीवर काही लिहू नये, टाचणी मारू नये, शिक्का मारू नये.

यंत्र आले तरी कागद मात्र गाडीतून फिरतच होता. ते थांबले अलीकडे. १ फेब्रुवारी २००८ रोजी दिल्लीत नवी रीत सुरू झाली. पुढे २०११ साली चेन्नईत आणि २०१३ साली मुंबईत आली. या रीतीत चेक जिथे भरला तिथेच थांबतो. त्याचा फोटो पुढे जातो. पुढच्या बाजूचे दोन आणि मागच्या बाजूचा एक, असे तीन फोटो काढतात. तळपट्टीवरच्या आकड्यांसह ते तारेने दुसऱ्या बँकेला पोचतात. तिथला माणूस पडद्यावर सही पाहतो. कागद आपल्याच बँकेत दहा वर्षे जपून ठेवतात.

म्हणूनच आता चेकवर खाडाखोड चालत नाही. फोटोत खाडाखोड कोणी केली ते कसे समजणार? नावात चूक झाली, रकमेत चूक झाली, तर वर बारीक सही करून भागत नाही. नवा चेकच लिहावा लागतो. आणि शाई गडद असावी, फिकट शाई फोटोत उमटत नाही.

फोटो पोचायला क्षणही लागत नाही. तरी बरीच वर्षे पैसे यायला दुसरा दिवस उजाडे. कारण दिवसभराचे चेक एकत्र करून मग हिशेब होई. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तेही बदलले. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात जसजसे चेक भरले जातील तसतसे त्यांचे फोटो पुढे जाऊ लागले. देणाऱ्याच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत 'हो' किंवा 'नाही' सांगायचे. काहीच सांगितले नाही तर 'हो' धरायचे. बँकांच्या गप्प बसण्याचा फायदा गिऱ्हाइकाला मिळावा, हे आम्हांला फार पसंत पडले.

आता मावशींचा चेक. तो परत आला, पुढे काय?

कायदा आहे. खात्यात पैसे नसताना देण्यापोटी चेक दिला आणि तो वटला नाही, तर तो गुन्हा आहे. १८८१च्याच कायद्यात १९८८ साली ही दुरुस्ती झाली. तिला १३८ कलम म्हणतात. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण हा कायदा दिवस मोजतो. चेक परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून त्याला पैसे देण्यास पंधरा दिवस. तरी दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद. चेकच्या तीन महिन्यांच्या मुदतीत तो पुन्हा एकदा बँकेत भरून पाहता येतो, हेही खरे. पण नुसता डाळीच्या डब्यात ठेवला तर हातचे दिवस जातात.

मावशींनी चिठ्ठी दाखवली तो एकविसावा दिवस होता. नऊ दिवस उरले होते. चिठ्ठी मराठीत असती तर एकवीस दिवस वाया गेले नसते, असे आम्हांला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. चेक मराठीत लिहिता येतो, मग तो न वटल्याचे कारण मराठीत का सांगू नये?

तालुक्याच्या वकिलाकडे गेलो. मावशींजवळ वजनकाट्याची पावती होती, हे फार बरे झाले. नोटीस गेली रजिस्टर पोस्टाने. (ती सेवा २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवली आहे. आता नोटीस स्पीड पोस्टाने पाठवतात. पोचल्याचा दाखला मात्र जपून ठेवायचा.) नोटीस मिळाल्यावर तेराव्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. "मावशी, कोर्टकचेरी कशाला? खाते नंबर सांगा, आत्ता पाठवतो."

आणि खरेच, दुपारी फोनवर मेसेज आला.

मावशी फोन घेऊन आमच्याकडे आल्या. आनंद तर नाहीच, कपाळाला आठ्या. म्हणाल्या, "एकदा कागदावर विश्वास ठेवला. आता ह्या मेसेजवर कशावरून ठेवू?"

हा प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर देण्यासाठी बिनकागदी पैसे कसे जातात ते सांगावे लागेल.

चेकमध्ये घेणारा आपल्या बँकेतून देणाऱ्याच्या बँकेकडे मागायला जातो. बिनकागदी रीतीत उलट होते. देणारा आपल्याच बँकेला सांगतो आणि बँक आधी त्याच्या खात्यातून रक्कम काढून घेते. खात्यात नसेल तर तिथेच काम थांबते. म्हणजे चेकसारखे 'दिले' म्हणायचे आणि मागाहून परत यायचे, ही भानगड उरत नाही. खऱ्या पाठवलेल्या पैशाचा हा मोठा गुण आहे.

याचे प्रकार अनेक आहेत. २००४ साली मोठ्या रकमांसाठी आर.टी.जी.एस. आले, दोन लाख आणि त्यावरच्या रकमांसाठी. २००५ साली एन.ई.एफ.टी. आले. मावशींचे पैसे याच वाटेने आले. यात रिझर्व्ह बँक दर अर्ध्या तासाला आलेल्या साऱ्या सूचना एकत्र करते आणि बँकाबँकांचा हिशेब लावते. तीच ती शिंपी-वाण्याची वजाबाकी! पूर्वी हे फक्त बँकेच्या वेळात चाले. १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, रविवारीसुद्धा चालू लागले. २०१६ साली यू.पी.आय. आले. त्यात फोनवरून, नुसता मोबाइल नंबर घालून किंवा चौकटीचे चित्र दाखवून पैसे जातात. भाजीवालीच्या हातगाडीवर टांगलेले ते काळे-पांढरे चित्र म्हणजे तिच्या खात्याचा पत्ता होय.

एन.ई.एफ.टी.साठी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. खाते नंबर आणि शाखेचा संकेतांक. संकेतांकाला आय.एफ.एस.सी. म्हणतात, त्यात अकरा अक्षरे-आकडे असतात. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटचे सहा शाखेचे, आणि मधले पाचवे नेहमी शून्य. पुष्कळ जण तिथे शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहितात आणि मग पैसे जात नाहीत म्हणून बसतात.

पैसे जात नाहीत ते तरी बरे. खाते नंबरात एक आकडा चुकला आणि तो नंबर दुसऱ्या कुणाचा निघाला, तर पैसे त्याच्याकडे जातात. नंबर पाहूनच रक्कम जमा होते, नाव ताडले जात नाही. यावर उपाय म्हणून बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत एक सोय करायची होती. नंबर घातला की खातेदाराचे नाव पडद्यावर दिसावे. ते नाव वाचावे, मगच पुढे जावे.

चेक लिहून दिल्यावर चूक लक्षात आली, तर तो वटायच्या आत बँकेला सांगून थांबवता येतो. कागद चालत जातो, त्याला वाटेत गाठता येते. फोनवरून गेलेले पैसे गाठता येत नाहीत. वेग वाढला तशी मागे फिरण्याची वाट अरुंद झाली. कुणी फसवून पैसे काढले तर १९३० या नंबरावर लगेच फोन करावा. लगेच म्हणजे त्याच घटकेला, दुसऱ्या दिवशी नव्हे. आणि यू.पी.आय.चा गुप्त आकडा पैसे देतानाच घालायचा असतो. "तुम्हांला पैसे पाठवतो, आकडा घाला," असे कोणी म्हणाला तर तो पैसे देणारा नव्हे, नेणारा आहे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. मेसेजवर विश्वास ठेवावा का? मेसेज कोणीही लिहू शकतो. पैसे गेल्याचे खोटे चित्रही फोनवर तयार करता येते. दुकानदारांना तसे दाखवून माल नेल्याचे प्रकार घडले आहेत. व्यापाऱ्याच्या फोनवर काय दिसते ते त्याचे. आपल्या खात्यात काय लिहिले आहे ते आपले. आम्ही मावशींना म्हटले, "चला, पासबुक भरून घेऊ."

यंत्राने पासबुकावर ओळ उमटवली. मावशींनी बोट ठेवून वाचली. तारीख, व्यापाऱ्याचे नाव, आणि जमेच्या रकान्यात ४५,०००. मग त्यांनी त्याखालची शिल्लकही वाचली आणि मागच्या शिल्लकेत मिळवून पाहिली. बेरीज जुळली.

चेक अजून बंद झालेला नाही. पतसंस्था, शाळा, घरभाडे, कर्जाचे कागद यांत तो येतोच. काही माणसांना सही केलेला कागद हातात असल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही.

पुढल्या हंगामात दुसरा एक व्यापारी मावशींकडे आला. तोही चेकच काढू लागला. मावशींनी तो हातात घेतला, तारीख वाचली. महिनाभर पुढची होती. त्यांनी चेक परत दिला आणि वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेला खाते नंबर आणि संकेतांक पुढे केला. "ह्याच्यावर टाका," म्हणाल्या.

ट्रॅक्टर दारात उभा होता. व्यापारी फोनवर बोटे फिरवत होता. "पाठवले, मावशी. हे पाहा." मावशींनी त्याचा फोन पाहिला नाही. आपल्या बँकेच्या शिल्लक सांगणाऱ्या नंबरावर फोन लावला, आलेला आकडा कालच्या आकड्याशी ताडून पाहिला, आणि मग कांदाचाळीचे कुलूप काढले.